दुसऱ्या लेथचा दुभाष्या

फोन आला तेव्हा समाधान निकमच्या पुढ्यात मिसळ होती, आणि त्याने अजून तर्रीसुद्धा ओतून घेतली नव्हती.

"सर, दुसरं लेथ आदळलं." आवाज दीपमाला पगारेचा होता. मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते. "टूल थेट जॉबमध्ये घुसलं. जॉब चकच्या पकडीतून उडाला, दाराची काच फुटली. पुंजाभाऊंच्या कपाळाला लागलंय."

"फार?"

"टाके घातले. आलेत परत. सर, आबा म्हणतात मी पोस्ट चुकवलं. मला निघून जायला सांगितलंय."

"कुठून बोलतेस?"

"गेटबाहेरच्या एसटीडीवरून."

"तिथंच थांब. घरी जाऊ नकोस. मी निघालो."

नाशिकचा माणूस भरली मिसळ टाकून उठतो म्हणजे घरचं कोणीतरी गेलेलं असणार, अशा नजरेने हॉटेलवाला त्याच्याकडे बघत राहिला.

आईबापांनी नाव समाधान ठेवलं खरं, पण ते काही त्याच्या अंगी लागलं नव्हतं. बसला की गुडघा हलायचा, उभा राहिला की हातातलं पेन टकटक वाजायचं. अंबड-सातपूरच्या कारखान्यांना तो सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या मशीनसाठी पोस्ट-प्रोसेसर बसवून द्यायचा. हा काय धंदा, असं कोणी विचारलं की म्हणायचा, "मी दुभाष्ये पुरवतो." हत्यार कुठून कुठे फिरवायचं ते संगणकातलं कॅम सॉफ्टवेअर ठरवतं. पण प्रत्येक मशीनच्या कंट्रोलरची बोली वेगळी. संगणकाचं म्हणणं त्या बोलीत उतरवतो तो पोस्ट-प्रोसेसर. दुभाष्या चुकला की लोखंड लोखंडावर आपटतं.

स्कूटर अंबडकडे धावत होती. सिंहस्थासाठी केलेले रस्ते अजून ताजे होते, दोन हजार तीनचा दसरा कालच झाला होता आणि दुकानादुकानांवर झेंडूची तोरणं होती. समाधानला त्यातलं काही दिसत नव्हतं. दसऱ्याआधी त्याने स्वतःच त्या पोस्टमध्ये एक दुरुस्ती केली होती. आटे पाडायच्या आज्ञेत किरकोळ बदल. पण या धंद्यात किरकोळ बदलच घात करतात. चूक आपली असेल आणि नोकरी त्या पोरीची जाईल, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना.

आहेर टर्निंग वर्क्समध्ये सीएनसी लेथ दोनच होती. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची, सख्खी भावंडं म्हणावीत अशी. पहिलं नवं घेतलेलं. दुसरं कोइमतूरहून जुनं आणलेलं, आणि त्यानेच समाधानला पावसाळाभर छळलं होतं. पहिल्याचं पोस्ट लावलं तर हत्यार जॉबला, म्हणजे कापायच्या लोखंडाला, शिवायचंच नाही, हवेत फिरून परत यायचं. समाधानने गोळा केलेली सगळी तयार पोस्ट लावून पाहिली. तेच. शेवटी त्याने हत्यारं धरणाऱ्या टरेटला मोजणीचा डायल लावला, हातचाक फिरवलं आणि हत्यार खरंच किती सरकतं ते मोजलं, तेव्हा कोडं सुटलं. सगळं जग लेथवर व्यासाचे आकडे देतं. या मशीनच्या जुन्या मालकाने मात्र ते त्रिज्येवर लावून ठेवलं होतं. पन्नास मिलिमीटर व्यासाच्या जॉबसाठी त्याला पंचवीस सांगावं लागायचं.

"सेटिंग बदलून व्यासावर घेऊ," समाधान तेव्हा म्हणाला होता.

"चालत्या मशीनच्या सेटिंगला हात लावायचा नाही," मालक मोतीराम आहेर, सगळ्यांचे आबा, म्हणाले. मशीनबरोबर आलेले जुने प्रोग्राम त्रिज्येतलेच होते आणि त्यांवर त्यांचं रोजचं काम चालायचं. मग समाधानने दुसऱ्या लेथसाठी स्वतंत्र पोस्ट लिहिलं, व्यासाचा प्रत्येक आकडा निम्मा करून पाठवणारं. पहिल्या लेथचं सगळं सेटिंग त्याने फ्लॉपीवर उतरवून मालकाच्या मुलाला, सनीला दिलं होतं. दुसऱ्याचं उतरवायचं राहून गेलं. आज करू, उद्या करू, असंच.

दीपमाला गेटबाहेर लिंबाखाली उभी होती. हातात डबा, खांद्याला पर्स. रडलेली नव्हती, पण ओठ घट्ट मिटलेले होते.

"आज कोणता प्रोग्राम पाठवला?"

"रोजचाच. पन्नासची बुश."

"रोजचा तर मशीनमध्येच असतो. पाठवायची गरज काय पडली?"

"सनीभाऊ म्हणाले, सणाची साफसफाई म्हणून दुसऱ्या लेथची मेमरी मोकळी केलीय. सगळे प्रोग्राम पुन्हा पाठव."

"पोस्ट कोणतं निवडलंस?"

"दोन नंबरचं. सर, मी डोळे झाकूनसुद्धा पहिलं निवडणार नाही." ती थांबली. "अंबडमध्ये एकदा 'हिने मशीन आदळलं' असं झालं ना, की मला पुन्हा कोणी संगणकावर बसवणार नाही. पॅकिंगला बसवतील. त्यासाठी डिप्लोमा केला का मी?"

दसऱ्याआधीच्या दुरुस्तीची गोष्ट समाधानने तिला तिथंच सांगून टाकली. "चूक माझी निघाली तर मी आबांना तसं सांगेन. चल आत."

कारखान्यात अजून सणाचा वास होता. दोन्ही लेथना झेंडूच्या माळा, पायाशी फुटलेले नारळ. खंडेनवमीच्या पूजेबाबत मोतीराम आबा फार कडक होते. पूजा झाली की मेन स्विच बंद, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातून नारळ फुटेपर्यंत कोणी मशीन चालू करायचं नाही. वर्षभर राबतं, दोन दिवस त्याला निजू द्या, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक लेथच्या मागच्या विजेच्या कपाटावर ते स्वतः ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढायचे, बरोबर दोन्ही दारांच्या सांध्यावर.

समाधान मशीनभोवती एक फेरी मारून आला. मग पहिल्या लेथच्या मागे गेला आणि पुन्हा दुसऱ्याच्या मागे. पहिल्याचं कुंकू सांध्यात भरून खडखडीत वाळलं होतं. दुसऱ्याच्या स्वस्तिकाला मधोमध सरळ चीर होती आणि खालच्या पट्टीवर कुंकवाच्या खपल्या पडल्या होत्या.

"आज हे कपाट कोणी उघडलं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही," आबा म्हणाले. साठीचा माणूस, पांढरा सदरा, हातलेथवर आयुष्य गेल्यामुळे जाडजूड झालेली बोटं. "आदळल्यापासून मी कोणाला हात लावू दिला नाही. तुम्ही आधी ते स्क्रीनवर बघा. ड्रॉइंगवर पन्नास, इथं पंचवीस. आंधळ्यालाही दिसेल."

"आबा, या मशीनला पंचवीसच लागतं. हे त्रिज्येवर आहे. पावसाळ्यात आपलं यावरून बोलणं झालं होतं."

आबांनी कपाळाला आठ्या घातल्या. आठवलं त्यांना. "मग आदळलं कसं?"

"तेच शोधायचंय."

"म्हणजे पोरीचं पोस्ट बरोबर?"

"निवडलं ते बरोबर. लिहिलेलं बरोबर आहे का, ते बघायचंय. ते मी लिहिलंय."

"मग पुंजाने टूल चुकीचं लावलं असेल."

पुंजा महाले, हरसूलकडचा ऑपरेटर, कपाळाला पट्टी बांधून स्टुलावर बसला होता. तो उठून उभा राहिला. "आबा, टूल मी नाय लावले. मी आलो तवा सनीभाऊ आदीच मशीनपाशी व्हते. म्हनले, समदं लावून ठेवलंय, तू निस्तं बटन दाब."

"सनीभाऊ रोज टूल लावतात?" समाधानने विचारलं.

"रोज? कंदीच नाय."

"मग एकेक ओळ का नाही चालवून पाहिलीस?"

"रोजचा जॉब साहेब. हजारदा चालीवलाय. आन् मालकाच्या पोरानं लावलंय म्हनल्यावर इचारायचं काय?"

सनी आहेर मागे उभा होता. इस्त्रीचा शर्ट, पण बाह्या दुमडलेल्या. तो पुढे आला. "मी लावले आणि बरोबर लावले. वर्नियरने मोजून. आबा, खरं बोलायचं तर समाधान सरांनी दसऱ्याआधी पोस्टमध्ये हात घातला होता. विचारा त्यांना."

सगळ्यांनी समाधानकडे पाहिलं. पेनाची टकटक थांबली.

"घातला होता," तो म्हणाला. "आबा, पाळी सुटेपर्यंत वेळ द्या. तोपर्यंत दीपमाला आत बसेल."

"दिला," आबा म्हणाले. "पण संध्याकाळी कोणीतरी एक माझ्या दारातून बाहेर जाणार. ती नाहीतर तुम्ही."

संगणकाच्या खोलीत समाधानने आपलंच पोस्ट ओळीओळीने वाचून काढलं. दीपमाला शेजारी बसून ड्रॉइंगवरचे आकडे वाचत होती. पन्नासचं पंचवीस. चाळीसचं वीस. तीसचं पंधरा. आट्यांची दुरुस्ती या बुशमध्ये वापरलीच गेली नव्हती. बुश म्हणजे साधी पोकळ नळी, तिला आटेच नव्हते. समाधानच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली, कारण पहिला आनंद आपण सुटलो याचा झाला होता.

मग जास्तच बेचैनी सुरू झाली. पोस्ट बरोबर. प्रोग्राम बरोबर. सनी म्हणतो टूल बरोबर. सगळंच बरोबर असतं तर पुंजाच्या कपाळाला टाके का?

"सर, तुमचा पाय," दीपमाला म्हणाली. टेबल थरथरत होतं.

चहाच्या वेळी सनी आत आला. हातात दोन कप. दीपमालेला म्हणाला, "तू जरा बाहेर जा."

ती गेली. सनीने दार लोटलं.

"सर, मी रागात बोललो. तुमचं नाव यात यायला नको. तुमचे दहा कारखाने आहेत, लोक काय म्हणतील?"

"मग कोणाचं नाव यायला हवं?"

"पोरीने घाईत काहीतरी चुकीचं दाबलं, असं म्हणू. तिला दुसरीकडे लावून देतो मी. माझा शब्द. आबांना व्यास-त्रिज्या कुठं कळतंय? विषय मिटेल."

"सनी, एक विचारू? दसऱ्याला कुठं होतास?"

"घरी. पाहुणे होते."

"आबा?"

"ते सटाण्याला, गावी. का?"

"कारखान्याच्या किल्ल्या?"

"एक त्यांच्याकडे, एक घरी." त्याने कप खाली ठेवला. "सोनं वाटायला कारखान्यात जातं का कोणी?"

"मेमरी कधी साफ केलीस?"

"आज. सकाळी."

"मशीनबरोबर आलेले जुने प्रोग्रामसुद्धा काढलेस? ते तर आपल्या संगणकात कुठंच नाहीत."

सनीने दाराची कडी धरली. "कचरा होता," तो म्हणाला आणि निघून गेला.

ज्या प्रोग्रामांसाठी आबांनी मशीनच्या सेटिंगला हात लावू दिला नव्हता, त्यांना त्यांचाच मुलगा कचरा म्हणत होता. समाधानने चहा न पिताच खोली सोडली.

चिमाजी शेवाळे मेंटेनन्सच्या टेबलापाशी हत्यारं पुसत बसला होता. मालेगावचा माणूस, सणाला गावी गेलेला, तो आज दुपारी परतला होता, सगळं आदळून झाल्यावर.

"चिमाजीभाऊ, सणाआधी दुसऱ्या लेथमध्ये काही कुरबुर होती?"

"व्हती ना. पडदाना कोपरामा लाल अक्षरं लुकलुक करेत. बॅटरी उतरनी व्हती." मग समाधानच्या चेहऱ्याकडे पाहून तो सरळ बोलायला लागला. "नवी बॅटरी आणून खणात ठेवली होती. पूजेच्या दिवशी सकाळी सनीभाऊंना सांगितलं, ही बदलायला पाहिजे. सुट्टीत मशीन बंद राहील आणि जुनीने दम सोडला तर मशीनची सगळी आठवण जाईल."

"आणि कशी बदलायची ते सांगितलं?"

चिमाजी थबकला. "कशी म्हणजे? मी म्हटलं, पूजा व्हायच्या आत मला स्विच चालू ठेवू द्या, मी बदलतो. ते म्हणाले बघू. तेवढ्यात आबा पूजेचं सामान घेऊन आले, स्विच बंद झालं, आणि मला मालेगावची गाडी गाठायची होती."

"आता ती लाल अक्षरं आहेत?"

चिमाजी उठून स्क्रीनपाशी गेला. परत आला तो खण उघडूनच. "नाही. आणि बॅटरीही नाही."

"मला डायल पाहिजे," समाधान म्हणाला. "आणि सगळ्यांना बोलव."

पाळी सुटायच्या आधी दुसऱ्या लेथभोवती पाचसहा माणसं जमली. आबा पुढे, दीपमाला जरा बाजूला, सनी खांबाला टेकून. समाधानने टरेटला डायल लावला. त्याचा हात स्थिर होता. दीपमालेने ते पाहिलं.

"आबा, तुम्ही हातलेथवर काम केलंय. हत्यार आडवं सरकवणारं चाक एक मिलिमीटर फिरवलं तर जॉबचा व्यास कितीने कमी होतो?"

"लेथ कोणतं त्यावर अवलंबून," आबा म्हणाले. "काहींच्या चाकावर आकडे हत्याराच्या चालीचे असतात, मग व्यास दुपटीने उतरतो. काहींवर थेट व्यासाचेच. नव्या लेथवर बसलं की पहिलं तेच बघायचं. मला शिकवताय काय?"

समाधानने सनीकडे पाहिलं. सनीने नजर खाली घातली.

"शिकवत नाही. दाखवतो. पावसाळ्यात मी हेच मोजलं होतं. स्क्रीनवर दहा, तर हत्यार पूर्ण दहा सरकायचं. म्हणजे त्रिज्या. आता बघा." त्याने हातचाक फिरवलं. स्क्रीनवर दहा आले. डायलचा काटा फिरून थांबला.

आबा वाकले. "पाच."

"पाच. हे मशीन आता व्यासावर आहे. पोस्ट त्याला त्रिज्या सांगतंय, ते व्यास ऐकतंय. पंचवीस म्हणजे पंचवीसचा व्यास, असं समजून हत्यार भरधाव आत गेलं; तिथं पन्नासपेक्षा जाड लोखंडी बार होता. दीपमालेने पोस्ट बरोबर निवडलं. माझी दुरुस्ती इथं लागलीच नाही. पुंजाने नुसतं बटण दाबलं. बदललं ते मशीन."

"आपोआप?"

"नाही. खंडेनवमीला तुम्ही स्वस्तिक काढलंत ते दारांच्या सांध्यावर. पहिल्या लेथचं अखंड आहे. याचं मधोमध फाटलंय. म्हणजे कुंकू वाळल्यावर हे कपाट उघडलं गेलं. आज आदळल्यावर कोणी उघडलं नाही, असं तुम्हीच म्हणालात. चिमाजीभाऊ, या कपाटात काय असतं?"

"बॅटरी." चिमाजीचा आवाज खोल गेला. "पण साहेब, ती मशीन चालू ठेवून बदलायची असते. बंद मशीनची बॅटरी काढली की त्याच घटकेला सगळं पुसलं जातं. प्रोग्राम, सेटिंग, टूलची मापं. सगळं."

"आणि मशीन चालू करता येत नव्हतं. कारण पूजा झाली होती."

आबांचा चेहरा बदलायला लागला होता.

"ज्याने बॅटरी बदलली त्याला मशीनचं भलंच करायचं होतं," समाधान म्हणाला. "सुट्टीत जुनी बॅटरी मरेल ही भीती त्यालाच होती ज्याला चिमाजीने सांगितलं होतं. पण आबांचा नियम मोडायची छाती नव्हती. म्हणून त्याने स्विच बंदच ठेवलं आणि नुसतं दार उघडलं. दुसरा कोणीही असता तर मशीन चालू करून बॅटरी बदलून मोकळा झाला असता. ही चूक आहेरांच्या घरातच होऊ शकते."

सनी खांबापासून बाजूला झाला.

"सकाळी मशीन चालू केलं तर आत काहीच नव्हतं. या लेथच्या सेटिंगची फ्लॉपी कधी झालीच नाही. तो आळस माझा. पहिल्याची मात्र होती, आणि ती सनीकडे होती. भावंडं मशीन, एकाचं दुसऱ्याला चालेल, असं त्याला वाटलं. चाललंही. फक्त पहिलं व्यासात बोलतं. टूलची मापं गेली होती म्हणून कधी नव्हे ते त्याने स्वतः टूल लावले, पहिल्या लेथच्या सवयीने, पूर्ण व्यास भरून. प्रोग्राम गेले होते म्हणून साफसफाईची गोष्ट रचली. साफसफाई खरी असती तर तुमचे जुने प्रोग्राम त्याने पुसले नसते, आबा. ते का जपायचे हे त्याला ठाऊक होतं. आणि चहाच्या वेळी 'पोरीचंच नाव घेऊ' म्हणत मला सुटकेची वाट दाखवायला तोच आला. मी सुटलो काय नि अडकलो काय, सनीला त्याची पर्वा कधीपासून?"

"सनी," आबा म्हणाले. एवढंच.

"आबा, मी काल विचारणार होतो तुम्हाला." सनी म्हणाला. "सटाण्याला फोन करून. पण तुम्ही म्हणाला असता, सणाला मशीनला शिवायचं नाही. म्हणून न सांगताच येऊन बॅटरी बदलली. आज नारळ फुटल्यावर मशीन चालू केलं तर पडदा कोरा. हे त्रिज्येवर होतं ते मी साफ विसरलो. आदळलं तेव्हा आठवलं. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्ही दीपमालेला विचारलं, कोणतं पोस्ट लावलंस. आणि मी गप्प बसलो."

"गप्प नाही बसलात," दीपमाला म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच मोठ्या आवाजात बोलत होती. "आधी 'हिनेच चुकवलं' म्हणालात. मग सरांवर ढकललंत. परत फिरून माझ्यावर. पुंजाभाऊंचा डोळा गेला असता तर तोही माझ्याच नावावर टाकला असतात."

सनी पुंजाच्या कपाळावरच्या पट्टीकडे बघत राहिला.

आबा त्या फाटलेल्या स्वस्तिकापाशी गेले. हा माणूस आता हात उगारणार असं समाधानला वाटलं. पण ते पाठमोरेच बोलले, "पोरगं मशीनपेक्षा मला जास्त भ्यालं. त्यात माझाही वाटा आहे." मग वळले. "दीपमाला, बेटा, उद्यापासून ये. झालं गेलं विसरून जा."

"उद्यापासून नाही आबा," ती म्हणाली. "मला सकाळी सगळ्यांदेखत काढलं. मी आजच बसणार. आणि बुश आजच निघणार."

आबांशी कारखान्यात असं कोणी बोलत नसे. तरी त्यांनी होकाराची मान हलवली.

"सर," ती समाधानला म्हणाली, "जुने त्रिज्येचे प्रोग्राम गेलेच आहेत. मग मशीन आता व्यासावरच राहू दे ना. दोन्ही लेथना एकच पोस्ट. पुन्हा कोणी गोंधळायला नको."

समाधानला आतून जरा टोचलं. पावसाळाभर जीव आटवून लिहिलेलं पोस्ट एका वाक्यात बाद झालं होतं. पण तिचं म्हणणं लाख रुपयांचं होतं. "काढून टाक," तो म्हणाला. "तुझ्याच हाताने."

चिमाजीने टरेट तपासला, वाकलेला होल्डर बदलला, फुटलेल्या काचेच्या जागी जाड प्लास्टिकची शीट ठोकून दिली. नवा बार चकमध्ये धरला. दीपमालेने पहिल्या लेथचं पोस्ट लावून प्रोग्राम नव्याने काढला आणि पाठवला. पुंजा सवयीने मशीनकडे निघाला.

"पुंजाभाऊ, तुम्ही बसा," ती म्हणाली. "सनीभाऊ उभे राहतील."

सगळे आबांकडे बघायला लागले. आबा बाजूला सरकले.

सनी दारासमोर जाऊन उभा राहिला, बरोबर तिथं, जिथं सकाळी पुंजा उभा होता. एक हात मशीन थांबवायच्या लाल बटणावर. पहिली ओळ. टरेट सरकला आणि थांबला. दुसरी ओळ. प्रत्येक ओळीला त्याला दुसऱ्या हाताने पुन्हा चालू करायचं बटण दाबावं लागत होतं, आणि प्रत्येक वेळी हत्यार त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर बाराकडे धावत येत होतं. त्याच्या शर्टाची पाठ भिजून गेली. दीपमाला त्याच्या शेजारी उभी राहून स्क्रीन वाचत होती, शांतपणे.

हत्याराने बारची कड धरली. पहिला कीस निघाला, निळसर, लांब.

बुश कापून झाली. सनीने ती चिंधीत धरून काढली, वर्नियर लावलं, दोनदा बघितलं आणि तिच्याकडे मान वर न करता पुटपुटला, "पन्नास. बरोबर आहे."

"मोठ्यानं सांगा सनीभाऊ," दीपमाला म्हणाली. "सकाळी चूक म्हणालात तेव्हा सगळ्यांना ऐकू गेलं होतं."